तोरसकरांची बस

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तोरसकर काका भेटले की माणसाला नावाच्या आधी आपला डोंगर सांगावा लागतो.

मागच्या आठवड्यातलंच सांगतो. सकाळचे सव्वासहा. शारजातल्या अल नहदामधली आमची एकोणीस मजली बिल्डिंग. लिफ्टमध्ये मी, काका आणि नवव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले एक इजिप्शियन गृहस्थ. त्यांच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि डोळ्यांत अजून झोप. काकांनी त्यांना सलाम केला, तब्येत विचारली आणि लगेच म्हणाले, "सर, विच इज युवर माउंटन?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिफ्टच्या छताकडे पाहिलं.

"माउंटन?"

"येस सर. एव्हरीबडी हॅज वन."

सहावा मजला गेला, पाचवा गेला. गृहस्थ खरोखर विचार करत होते. शेवटी म्हणाले, "नो माउंटन. ओन्ली नाईल."

"व्हेरी गुड," काका म्हणाले. खिशातून छोटी वही काढून त्यांनी नोंद केली आणि मला मराठीत सांगितलं, "नदी मिळाली. डोंगर पेंडिंग."

पार्किंगमध्ये ते गृहस्थ आपल्या गाडीपाशी गेले, पण दार उघडून तसेच उभे राहिले. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून काकांना गाठलं. त्यांनी आईला फोन केला होता. आजोळच्या गावामागे एक टेकडी होती, लहानपणी तिथे ते पतंग उडवायचे. नाव कुणालाच आठवत नव्हतं. काकांनी वहीत लिहिलं, 'पतंगाची टेकडी'.

त्या वहीत आमचा अख्खा टॉवर आहे. वॉचमन गुलझमान स्वातचा पठाण. त्याने आपल्या डोंगराचं नाव तीनदा सांगितलं, काकांनी तिन्ही वेळा वेगळं लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सचा डोंगर म्हणजे ज्वालामुखी आहे आणि तिला त्याचा फार अभिमान आहे. खालच्या बकालावाल्या, म्हणजे किराणा दुकानवाल्या, केरळी कुट्टीने रबराच्या झाडांची टेकडी दिली. मी सातारचा, त्यामुळे मी चटकन अजिंक्यतारा म्हणालो. म्हणालो आणि दिवसभर ऑफिसात तो डोंगर डोक्यात बसून राहिला. शेवटचा त्यावर कधी चढलो होतो, काही केल्या आठवेना.

पण काका आधी असे नव्हते. काका म्हणजे विश्वास तोरसकर, कुडाळकडचे, वय अठ्ठावन्न, आखातात एकतीस वर्षं, आणि पेशाने सेफ्टी ऑफिसर. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीसाठी उमेदीची वर्षं रुवैसच्या रिफायनरीत काढली, आता दुबई मरीनातल्या टॉवरच्या साइटवर असतात. लोक उंचावर चढतात आणि काका खाली उभे राहून ओरडतात, "आधी हुक लाव!" कमरेच्या पट्ट्याचा हुक. एकतीस वर्षं हे एकच वाक्य हिंदीत, अरबीत, बंगालीत ओरडून ओरडून ते त्यांच्या जिभेवर इतकं बसलंय, की आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही त्यांनी मला आशीर्वाद दिला तो "हुक लावून राहा" असाच.

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसण्याआधी गॅसची नळी बघून आले. मुंज असो, हळदीकुंकू असो, हॉलमध्ये शिरले की पहिल्यांदा मागचं दार शोधतात, ते उघडतं का बघतात, मग यजमानांना नमस्कार करतात. गणपतीच्या मखरात दिव्यांच्या माळा दिसल्या की हात आपोआप प्लगकडे जातो. त्यांच्या गाडीत बसायचं तर पट्टा लागल्याचा 'टक्' आवाज त्यांना ऐकू यावा लागतो. आला नाही तर गाडी हलत नाही. "तुझा टक् आला नाय," म्हणतात. मी गेली सहा वर्षं त्यांच्या गाडीतून ऑफिसला जातो. रोज सकाळी एक टक् माझा, एक त्यांचा, मग यल्ला, म्हणजे चला.

असा माणूस मागच्या नोव्हेंबरात न्यूझीलंडला गेला, आणि तेही कसा, तर पाठीवर पिशव्या टाकून जग फिरणाऱ्या विशीतल्या पोरापोरींच्या बसने. पुलावरून उड्या, गुहेतल्या नदीत तरंगणं, डोंगर चढणं, आणि मधूनमधून तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या घरी पाहुणचार.

"चुकून झालं," ते म्हणाले. "मी बघितलं, बस आहे, जेवण आहे, संस्कृती आहे. वयाचं काय त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय."

"काकू येत नाहीत?"

"तिचे गुडघे."

मीच त्यांना एअरपोर्टवर सोडलं. चार चाकांची कडक सुटकेस, इस्त्रीची पँट, साइटवरचे लोखंडी टोकाचे बूट. नलिनी काकूंनी बरोबर स्टीलचा डबा दिला होता, चकल्यांचा. काकांनी तो फुगेवाल्या प्लास्टिकात गुंडाळला होता आणि वर साइटवरचं पिवळं लेबल चिकटवलं होतं, 'नाजूक. उघडण्यापूर्वी तपासा', तारीख, सही. मला वाटलं होतं आठ दिवसांत परत येतील. सतरा दिवसांनी आले. उन्हाने नाक सोललेलं, गळ्यात हिरव्या दगडाचा गोळा, आणि आवाज नेहमीपेक्षा हळू.

ती सहल मग मी गाडीत ऐकली. डिसेंबर-जानेवारीत शारजा-दुबई रस्त्यावर पहाटे धुकं उतरतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात, टॉवर अर्ध्यातून पुसले जातात, आणि सगळी वाहतूक पावलापावलाने सरकते. अशा धुक्यात, शेगडीवर भात शिजावा तसे काका हळूहळू बोलायचे. मी अर्धवट झोपेत असायचो. त्यामुळे आजही मला खात्रीने सांगता येणार नाही की त्यातलं किती त्यांनी सांगितलं आणि किती मी स्वप्नात बघितलं.

"बसची ड्रायव्हर बाई. माझ्याच वयाची, माओरी. नाव मेरे."

"तुमची?"

"अरे तिचं नावच मेरे! मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी मेरे म्हणून हाक मारायचो आणि मनात हिंदी गाणं लागायचं. फार अवघड झालं. पण गाडी काय चालवायची! वळणावर गाणं म्हणायची, पण स्टिअरिंगवर दोन्ही हात. मी नोंद घेतली."

त्या बसमध्ये एकवीस पोरं होती. दोघी जर्मन, चौघं आयरिश, एक ब्राझीलचा उंच मुलगा, बाकी कुठली कुठली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं काका कंपनीतर्फे तपासणीला आले आहेत. काकांनी बस सुटण्याआधी इमर्जन्सीचं दार उघडून बघितल्यावर त्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी, 'तोरसकर' जमेना म्हणून, पोरं काकांना 'टॉश' म्हणायला लागली. तिसऱ्या दिवशी तर बस सुरू होताना सगळी पोरं आपणहून ओरडायला लागली, टक्, टक्, टक्.

पुलावरून उडी मारायची होती त्या ठिकाणी काकांनी दोर, पट्टे, कड्या, सगळं चाळीस मिनिटं तपासलं. मागे रांग लागली. तिथल्या माणसाने विचारलं, "तुम्ही उडी मारणार आहात की पूल विकत घेणार आहात?" काका म्हणाले, ही कडी थोडी झिजली आहे. त्याने पाहिली आणि मुकाट्याने बदलली. मग काकांनी उडी मारली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

धुक्यात गाडी थांबलेली होती. "वर होतो तोपर्यंत भीती. खाली नदी हिरवी होती. सुटलो तर आवाजच बंद झाला रे सगळा. आणि मग दोराने धरलं. दोराने धरलं तेव्हा मला रडू आलं. का ते माहीत नाय."

गुहेतल्या नदीचंही असंच. रबरी टायरवर बसून काळोखात तरंगत जायचं, दिवा विझवायचा, आणि वर दगडाच्या छताला हजारो बारीक किडे निळे चमकत असतात. कुणी बोलत नाही. पाणी आपणच नेतं. काका म्हणाले, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला काही ओरडून सांगावंसं वाटलं नाय."

आणि मग ती माओरी सभागृहाची गोष्ट. पाहुण्यांनी तिथे असं उठून आत शिरायचं नसतं. दाराशी थांबायचं. घरातली बाई उंच सुरात हाक मारते, तिच्या हाकेच्या मागून हळूहळू चालत जायचं. पाहुण्यांमधल्या एका मोठ्याने उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे गाणं म्हणायचं. बसमध्ये मोठा कोण? पोरांनी एकमताने टॉशला पुढे केलं.

"मी मराठीतच बोललो," काका म्हणाले. "इंग्रजी सुचेचना. म्हटलं, आम्ही बावीस जण आलो आहोत. सगळे सुखरूप आहोत. वाटेत सगळ्यांनी पट्टे लावले होते. तुम्ही बोलावलंत, बरं वाटलं."

"आणि गाणं?"

"माझी आवस, म्हणजे आई, भातलावणीच्या वेळी म्हणायची ते. पहिली ओळ आठवली, दुसरी नाय. मग पहिलीच चारदा. पोरांनी मागे हो हो केलं. ब्राझीलवाल्याने तर टाळ्यांचा ठेका धरला."

मग यजमान एकेकाच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवतात. दोघांनी एकच श्वास घ्यायचा. तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने काकांचा हात धरला, नाक टेकवलं आणि सोडेचना. "किती वेळ ते सांगता येत नाय," काका म्हणाले आणि पुढची गाडी हलली म्हणून त्यांनी गिअर टाकला.

तिथेच त्यांना कळलं की त्या लोकांत ओळख करून देताना माणूस आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग आपले पूर्वज कुठल्या होडीतून आले ते, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. हे काकांना इतकं पटलं की त्यांनी ते जसंच्या तसं अल नहदात आणलं. "आपण इथे काय सांगतो? कंपनी, डेझिग्नेशन आणि व्हिसा कधी संपतो ते. माणूस कुठे बांधलेला आहे ते कळायला नको?"

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एके दिवशी लिफ्टमध्ये माझी मुलगी इरा सापडली. वय वर्षं अकरा, जन्म शारजा.

"इरा, तुझा डोंगर कुठला गं?"

"आय डोन्ट हॅव वन, अंकल."

"असं कसं? बाबांचा अजिंक्यतारा आहे ना?"

"दॅट्स हिज. वी जस्ट गो देअर फॉर समर." आणि थोडं थांबून, काकांचं वाईट वाटू नये म्हणून, "आय हॅव अ मॉल."

काकांनी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देसाई, बस ठरवली. शनिवारी. बिल्डिंगमधली सगळी पोरं. पोरांना डोंगर दाखवायचा."

असा डोंगर म्हणजे हत्ताच्या बाजूचे खडकाळ डोंगर, गाडीने दीड तासावर. बस निघण्याआधी पार्किंगमध्ये काकांनी पोरांना ओळीत उभं करून वीस मिनिटं सेफ्टीचं भाषण दिलं. सगळ्यांना साइटवरची चमकणारी जॅकेटं आणि हेल्मेटं. सतरा पोरं, आम्ही सहा आईबाप, नलिनी काकू आणि सुट्टी काढून आलेला गुलझमान. पोरांची मोजणी दर दहा मिनिटांनी. मोजणीत एकदा अठरा भरली, कारण गुलझमाननेही हेल्मेट घातलं होतं आणि तो रांगेत उभा राहिला होता. आभाळात एक ढग होता. हातरुमालाएवढा. डोंगरात पाऊस झाला तर कोरड्या ओढ्याला एकाएकी लोंढा येतो म्हणून काकांनी ढग जाईपर्यंत अर्धा तास बस थांबवून ठेवली. पोरांनी बसमध्येच बसून त्या ढगाला नाव ठेवलं.

पण नंतर जे झालं ते मात्र मी विसरणार नाही. ओढ्याच्या काठाला खजुराची चार झाडं, पलीकडे विटकरी, जांभळट डोंगरांच्या रांगा, एकामागे एक, शेवटची रांग आभाळातच मिसळलेली. वारा नव्हता. सतरा पोरं, जी बसमध्ये कान फुटतील इतकी ओरडत होती, ती उतरल्यावर हळूहळू आवाज कमी करत गेली. काकांनी सांगितलं, ज्याला जो हवा तो डोंगर निवडा. घाई नाही.

पोरं दगडांवर बसून डोंगर बघत राहिली. कुणी डोळे मिटून, कुणी एक डोळा मिटून. मग एकेक उठून सांगायला लागलं. होडी कुठली, याचं उत्तर सगळ्यांनी विमान असं दिलं. इराने एक बुटका डोंगर निवडला, दोन उंच डोंगरांच्या मधला. म्हणाली, "ही लुक्स लाइक ही इज वेटिंग फॉर समवन." मग ती काकांकडे वळली आणि साधेपणाने विचारलं, "अंकल, केतकी दीदीने कुठला निवडला?"

केतकी ही काकांची एकुलती मुलगी. इथेच वाढलेली. इरा लहान असताना दुपारी तिला सांभाळायची. चार वर्षांपूर्वी परदेशी गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. काकू कधीमधी तिचं नाव घ्यायच्या, काका कधीच नाही. त्यामुळे आम्हीही घेत नव्हतो.

काका म्हणाले, "बघून सांगतो हं," आणि पोरांची मोजणी माझ्यावर सोपवून ओढ्याकडेने चालायला लागले. काकांनी मोजणी दुसऱ्यावर सोपवली, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली. मी मागून गेलो.

एका दगडावर ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते.

"ती तिथेच आहे रे," ते म्हणाले. "न्यूझीलंडला."

मी खाली बसलो.

"सिव्हिल इंजिनिअर झाली. मीच लावली होती नोकरी, ओळखीच्या कंपनीत. एक दिवस म्हणाली, बाबा, मी सोडते, मला नदीवर काम करायचंय. होडीतून लोकांना न्यायचं. मी म्हटलं, मी जन्मभर लोकांना पडण्यापासून वाचवलं आणि तू लोकांना धबधब्यावरून खाली नेणार? भांडण झालं. मी बोलून गेलो, तू गेलीस तर त्या दिवसापासून तुझी जबाबदारी माझी नाय. ती म्हणाली, लिहून द्या."

"मग?"

"दिलं ना लिहून. सवयच आहे. तारीख घातली, सही केली. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेली."

पलीकडे गुलझमान पोरांना मोजत होता, मोठ्याने, पश्तूत.

"आईशी रोज बोलते. मी बाजूच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बसतो. आई फोटो आले की मोबाइल मुद्दाम टेबलावर उघडा ठेवते. कधी पुलावरून उडी, कधी गुहा. मला झोप नाय यायची. दोर कोणी बांधला? कडी कोणी तपासली? शेवटी म्हटलं, जाऊन बघूनच येतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहल चुकून ठरली नव्हती. तिच्या नदीपाशी थांबणारी ती एकच बस होती, म्हणून काकांनी शोधून ती घेतली होती. तिने जिथे जिथे उडी मारली होती, जिथे जिथे शिरली होती, तिथली प्रत्येक कडी हा माणूस स्वतःच्या हाताने ओढून बघून आला होता.

"मग भेटलात?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "बस तिथे पोचली. सगळी पोरं उतरली. मी मेरेला म्हटलं, डोकं दुखतंय. काचेतून बघत बसलो. ती काठावर उभी होती. काळी पडलीय. केस कापलेत. एकेकाचं लाइफ जॅकेट तपासत होती. प्रत्येक बकल दोनदा ओढून बघायची, मग खांद्यावर थाप. एकाने बकल सोडलं तर असली ओरडली! बसमध्ये ऐकू आलं." काकांचा आवाज जरा उंचावला आणि लगेच खाली आला. "ब्राझीलवाला भिजून परत आला आणि मला म्हणतो, टॉश, ही बाई तर तुझ्यापेक्षा खडूस आहे."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? माझ्या सहीचा कागद आहे तिच्याकडे. मेरे येऊन शेजारी बसली. खूप वेळ तीही बाहेर बघत होती. मग म्हणाली, चालते अगदी तुझ्यासारखी. मी चकल्यांचा डबा मेरेकडे दिला, केतकीला नेऊन द्यायला. म्हटलं, नाव सांगू नकोस. बस निघाली तरी मी मागच्या काचेतून बघत होतो. तेवढा वेळ पट्टा लावायचा राहिला माझा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी असं सांगितलं जणू काही गुन्हा कबूल करत होते.

परतताना बसमध्ये पोरं झोपली. काकू पुढच्या सीटवर होत्या. मी हळूच विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"चकल्या काय मी मेंढरांसाठी केल्या होत्या?" काकू म्हणाल्या. "डब्यावर तारीख-सही घालून यांनीच पाठवलाय आणि वर नाव सांगू नकोस म्हणे. त्याच संध्याकाळी तिचा फोन. आई, बाबा इथे येऊन गेले? मी म्हटलं, तूच विचार त्यांना. ती म्हणते, त्यांनी फोन करू दे. हे म्हणतात, ती करील. मधल्या मध्ये मी दोघांना हवामान सांगते."

त्यानंतर तीन आठवडे गेले. धुकं संपत आलं होतं. एका सकाळी दुबईच्या हद्दीत शिरलो आणि गाडीतल्या स्क्रीनवर नाव उमटलं, 'केतकी'. रिंग वाजायला लागली.

गाडी चालवताना काका फोन घेत नाहीत. मंत्र्याचा आला तरी नाही. "काका, मी घेऊ का?" "नको," ते म्हणाले. त्यांनी इंडिकेटर दिला, आरसा बघितला, एक लेन बदलली, पुन्हा आरसा, दुसरी लेन, मग एक्झिट. रिंग वाजतच होती. पेट्रोल पंपाच्या आवारात शिरले, दोन रेघांच्या बरोबर मधोमध गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि रिंग थांबली.

"गेला," काका म्हणाले. आधाराला काही सापडत नाही तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"लावा ना परत."

"मी?"

"तुम्हीच."

त्यांनी बोट स्क्रीनपर्यंत नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. मी दार उघडून बाहेर पडलो. पंपाशेजारच्या टपरीवर दोन करक चहा, इथला कडक दुधाचा, घेतले आणि मुद्दाम सावकाश परत आलो. काचेतून काका दिसत होते. आधी नुसतेच ऐकत होते. मग बोलायला लागले, मग हातवारे. दोर, कडी, बकल, सगळं हवेत काढून दाखवत होते, समोर कोणी नसताना. मग त्यांनी चष्मा काढून डॅशबोर्डवर ठेवला. माझा चहा संपला, त्यांचा मी गार होऊ दिला.

शेवटी त्यांनी काच खाली केली. "आत बस," म्हणाले. "उशीर झाला."

गाडी रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "कागदाचं काही म्हणाली?"

"एअरपोर्टवर फाडला म्हणाली. त्याच दिवशी, विमानात बसायच्या आधी." त्यांनी आरसा बघितला, लेन बदलली. "चार वर्षं मी उगीच..."

त्या दिवशी काकांच्या साइटवर म्हणे ते एकदाही कुणावर ओरडले नाहीत. दोन बंगाली कामगार घाबरून त्यांची तब्येत विचारायला आले.

केतकी जुलैत आली. तिच्याकडे तेव्हा हिवाळा, नदीचं काम बंद. इथे सेहेचाळीस डिग्री. या दिवसांत शारजात पाहुणा म्हणून कुणी येत नाही, पण तिने दुसरी तारीख बघितलीच नाही. शुक्रवारी सकाळी काका-काकू तिला एअरपोर्टवरून घेऊन आले. दुपारी तीनच्या सुमाराला बायकोने मला आंब्याच्या रसाचं भांडं देऊन वर पाठवलं, पोरगी इतक्या वर्षांनी आली आहे म्हणून.

काका दाराबाहेर पॅसेजमध्ये उभे होते. अनवाणी, बनियनवर. पॅसेजमधला एसी नेहमीसारखा बंद. घामाने निथळत होते. मी बेलकडे हात नेला तर त्यांनी तो वरच्यावर धरला.

"झोपलीय," ते कुजबुजले. "हॉलमध्येच. जेवता जेवता सोफ्यावर आडवी झाली ती झालीच."

"मग तुम्ही बाहेर का?"

"आत मी हललो की लादी वाजते. काकूला पण बेडरूममध्ये बसवलंय."

दार बोटभर उघडं होतं. फटीतून पडद्याचा निळसर उजेड, सोफ्याबाहेर आलेला एक उन्हाने रापलेला पाय आणि जमिनीवर अर्धवट उघडी पडलेली पाठपिशवी दिसली. एसीचा बारीक आवाज येत होता. पिशवीचे पट्टे, दोऱ्या, कड्या सगळीकडे पसरलेल्या होत्या, कुणाचाही पाय अडकेल अशा. काकांनी त्यातलं काही उचललं नव्हतं.

"किती वाजता उठवायचंय?" मी विचारलं.

"उठवायचं कशाला?" काका म्हणाले.

रसाचं भांडं त्यांनी माझ्या हातातून घेतलं, भिंतीला टेकून सावकाश खाली बसले आणि माझ्यासाठी शेजारी जरा सरकले.